विद्यापीठातल्या संशोधनाला डीओआय कसा मिळवायचा? आणि कशाकशाला घ्यायचा?

पाचवं कपाट (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी,

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. नुकत्याच झालेल्या बैठकीत कुलगुरूंनी फर्मान काढलं, की विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक संशोधनाला डीओआय (म्हणजे कायमस्वरूपी ओळखक्रमांक) हवा. प्रत्येक म्हणजे अगदी प्रत्येक. पीएचडीचे प्रबंध, विभागांची नियतकालिकं, डेटासेट, प्रकल्पांचे अहवाल, परिषदांतली पोस्टरं. 'मग माझ्या स्लाइड्सनी काय घोडं मारलंय?' असंही एका सरांनी विचारून घेतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम ग्रंथालयाच्या, पर्यायाने माझ्या गळ्यात पडलं.

आमची रिपॉझिटरी, म्हणजे संशोधनाचा डिजिटल संग्रह, डीस्पेस या सॉफ्टवेअरवर चालते. तिथे प्रत्येक प्रबंधाला हँडलची लिंक आपोआप मिळते आणि 'उद्धृत करण्यासाठी हा कायमस्वरूपी दुवा वापरा' असं पानावर लिहिलेलंही आहे. मग डीओआय वेगळा कशाला? घ्यायचाच तर मागायचा कुणाकडे, क्रॉसरेफकडे की डेटासाइटकडे? जुन्या प्रबंधांनाही द्यायचा का? आणि एकदा दिला की आपलं काम संपलं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट (सोमवार, रात्री ९:२२)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो: नाही. बाकीच्यांसाठी तळटीपकाकांना हाक मारा. ते येईपर्यंत मी पहिल्या रांगेत जागा धरून बसतो.

अर्धविराम (सोमवार, रात्री ९:४०)

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्या प्रबंधालाही डीओआय हवाय. आधी प्रबंध लिहून व्हायला हवा, हा एक किरकोळ मुद्दा राहिलाय.

तळटीप (सोमवार, रात्री ११:०५)

हाक ऐकू आली. कपाटताई, क्रमाने घेऊ.

डीओआय फाउंडेशन स्वतः तुम्हाला क्रमांक देत नाही. ते काम नोंदणी संस्थांचं. अशा संस्था जगात मोजक्या आहेत आणि विद्यापीठांचा संबंध मुख्यतः तुम्ही नावं घेतलीत त्या दोघींशीच येतो. क्रॉसरेफ २००० साली प्रकाशकांनी काढली. एकाच्या लेखातल्या संदर्भावर टिचकी मारून दुसऱ्याच्या लेखापर्यंत पोचता यावं, एवढंच तेव्हा हवं होतं. डेटासाइट आली २००९ साली, ग्रंथालयं आणि संशोधन संस्थांच्या पुढाकाराने, कारण डेटासेट उद्धृत करायची धड सोयच नव्हती. म्हणून नियतकालिकं-पुस्तकं क्रॉसरेफकडे आणि डेटा, प्रबंध, अहवाल डेटासाइटकडे अशी ढोबळ वाटणी पडली आहे. ढोबळच, कारण क्रॉसरेफकडे प्रबंधही नोंदवता येतात आणि डेटासाइटकडे लेखही. वाचकाला फरक कळत नाही. दोन्हीकडचे डीओआय एकाच ठिकाणी उलगडतात.

प्रवेश कसा? एकतर थेट सभासद व्हायचं, नाहीतर आधीच सभासद असलेल्या एखाद्या संघामार्फत जायचं. लहान संस्थेला दुसरा मार्ग बरा पडतो, कारण वर्गणी वाटली जाते आणि अडलं तर विचारायला माणूस असतो. सभासद झालात की तुम्हाला एक प्रीफिक्स मिळतो, '१०.' ने सुरू होणारा. तिरकी रेघ दिली की पुढचा सफिक्स तुमचा तुम्ही ठरवायचा.

डेटासाइटला किमान सहा गोष्टी सांगाव्या लागतात: ओळखक्रमांक, कर्ता, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि प्रकार. शिवाय पानाची युआरएल. नोंदी हाताने भरायला फॅब्रिका नावाचा त्यांचा पॅनेल आहे. सराव करायला त्याची चाचणी-आवृत्ती वेगळी मिळते. तिथे हवे तेवढे घोळ घाला, आणि तिथेच घाला. कारण खऱ्या यंत्रणेत डीओआय मसुदा असेपर्यंतच पुसता येतो. एकदा नोंदला की तो कायमचा. माहिती दुरुस्त करता येते, क्रमांक परत घेता येत नाही.

हँडलचं उद्या लिहितो, डोळे मिटायला लागलेत.

बिनतारी (मंगळवार, सकाळी ७:१५)

हँडलचं मी सांगतो, सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या नजरेतून.

डीओआय मुळात हँडल यंत्रणेवरच चालतो. म्हणजे 'अमुक क्रमांक आला की तमुक युआरएलकडे पाठव' हे तंत्र दोघांचं एकच. फरक आहे तो वरच्या करारात. डीओआय घेताना ठरावीक माहिती द्यावीच लागते, ती शोधयंत्रांपर्यंत पोचते आणि पत्ता चालू ठेवायची जबाबदारी तुम्ही कागदोपत्री घेता. नुसत्या हँडलमागे यातलं काही सक्तीचं नाही.

पण ताई, त्याआधी एक करा. तुमच्या एखाद्या प्रबंधाची हँडल लिंक उघडून तिरक्या रेघेच्या आधीचा आकडा बघा. १२३४५६७८९ आहे का?

पाचवं कपाट (मंगळवार, सकाळी १०:३०)

बघितलं. १२३४५६७८९ च आहे! सगळ्यांना तोच. तुम्हाला कसं कळलं?

बिनतारी (मंगळवार, सकाळी १०:४८)

डीस्पेस बसवताना नमुना म्हणून तोच आकडा आलेला असतो. खरा प्रीफिक्स हँडलकडे वेगळा नोंदवून, आपला हँडल सर्व्हर चालू करून तो बदलायचा असतो. बसवणारे बसवून निघून जातात आणि हे राहून जातं. रिपॉझिटरीच्या आत लिंक व्यवस्थित उघडते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. तीच लिंक हँडलच्या सार्वजनिक पत्त्यावरून उघडून बघा, तुमच्या प्रबंधापर्यंत पोचणार नाही. जगभर किती रिपॉझिटऱ्यांमध्ये हाच आकडा दिसतो ते एकदा सर्च करून पाहा, एकटं वाटणार नाही.

खवचट (मंगळवार, सकाळी ११:०२)

नाव सोनूबाई, हाती १२३४५६७८९.

निळी शाई (मंगळवार, दुपारी १:२०)

थोडी काडी टाकतो.

डीओआयचं सध्या देवघर झालंय. क्रमांक दिसला की लोक हात जोडतात. बैठकीत फर्मान निघतं, कारण मूल्यांकनाच्या तक्त्यात एक रकाना भरायचा असतो. पण टिकाऊ ओळखक्रमांक म्हणजे डीओआयच, असं कुणी सांगितलं? कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीतून २००१ साली आर्क ही पद्धत निघाली. वर्गणी नाही, माहितीची सक्ती नाही, नको असलेला क्रमांक काढूनही टाकता येतो. फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आपल्या डिजिटल संग्रहाला आर्कच वापरतं. ते चुकतायत का?

दुसरं. टिकतो तो क्रमांक नाही, टिकते ती संस्था. उद्या ग्रंथालयाने पत्ते अद्ययावत करणं थांबवलं, तर डीओआयसुद्धा त्याच '४०४' वर नेऊन सोडणार.

तळटीप (मंगळवार, रात्री ८:१५)

निळी शाई, दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा तोच आहे. घर बदललं की टपालखात्याला कळवावं लागतं, न कळवता 'पत्रं का येत नाहीत' म्हणून चालत नाही.

आर्कबद्दल अर्धा सहमत. हस्तलिखितांची पानं, छायाचित्रं, नकाशे, म्हणजे लाखोंच्या घरातल्या वस्तू ज्यांच्याकडे आहेत त्यांना आर्क उत्तम. पण कपाटताईंची गरज वेगळी आहे. त्यांच्या संशोधकांचं काम उद्धृत व्हायला हवं, ती उद्धरणं मोजली जायला हवीत, ऑर्किडच्या (संशोधकाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाच्या) पानावर आपोआप यायला हवीत. ही सगळी जोडणी आज डीओआयभोवती झालेली आहे. तत्त्वाने आर्क बरा असेल, पण वस्ती इकडे आहे.

संपादक बुवा (मंगळवार, रात्री ९:३३)

नियतकालिकाच्या बाजूने लिहितो. आमच्या विभागाचं एक छोटं षण्मासिक आहे.

लोकांना वाटतं क्रॉसरेफ म्हणजे क्रमांकाचं दुकान. तसं नाही. लेखाच्या संदर्भसूचीत ज्यांचे डीओआय आहेत ते शोधून त्यांच्या लिंका देणं ही सभासदाची बांधिलकी आहे. आमच्याकडे यात सगळ्यात जास्त वेळ जातो. लेखक संदर्भ कसेही पाठवतात. खंड-अंक उलटेपालटे, आडनावाच्या जागी नाव, वर्ष गायब. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी एकेक संदर्भ क्रॉसरेफच्या शोधात टाकून आम्हीच पडताळतो.

आता एक गार्‍हाणं. एका नियतकालिकाने (नाव घेत नाही) माझ्या सहकाऱ्याचा लेख छापला, वर ठसठशीत डीओआय. लिंक उघडली तर 'डीओआय सापडला नाही'. पुढचा लेख उघडला, तेच. नंतर कळलं की क्रमांक नोंदवलेलेच नव्हते, दिसायला डीओआयसारखे आकडे पानावर छापून मोकळे झाले होते. पैसे मात्र 'डीओआयसहित' म्हणून घेतले होते.

अर्धविराम (मंगळवार, रात्री ९:५०)

बुवा, म्हणजे लिंक उघडली तर नियतकालिक चांगलं, असं समजायचं का? सरांनी लेख कुठेतरी पाठव म्हणून तगादा लावलाय.

संपादक बुवा (मंगळवार, रात्री १०:०६)

अजिबात नाही! डीओआय उघडतो याचा अर्थ एवढाच, की क्रमांक नोंदलेला आहे. लेख कुणी तपासला, तपासला की नाही, यातलं काहीही त्यावरून कळत नाही. सुमार नियतकालिकांकडेही रीतसर नोंदवलेले डीओआय असतात. न उघडणारा डीओआय ही धोक्याची खूण आहे, उघडणारा ही शिफारस नाही.

विक्षिप्त वैज्ञानिक (मंगळवार, रात्री ११:२०)

डेटासेटवाल्यांचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय.

विद्यापीठाची व्यवस्था उभी राहायची वाट मी तरी बघितली नाही. सर्नमधून चालणारं झेनोडो हे डिजिटल भांडार २०१३ पासून आहे. खातं उघडा, फाइल चढवा, माहिती भरा, डीओआय तिथल्या तिथे. एका नोंदीत साधारण ५० जीबीपर्यंत फाइली फुकट बसतात. प्रकाशित करायच्या आधी क्रमांक राखून ठेवता येतो, म्हणजे अहवालाच्या मुखपृष्ठावर तो छापून मग पीडीएफ चढवता येते. ही सोय किती मोलाची आहे ते, अहवाल आधी छापून मग डीओआय हाती आलेल्यांना विचारा.

मला सगळ्यात आवडतं ते आवृत्त्यांचं. डेटात एक स्तंभ चुकलेला सापडला, दुरुस्त करून नवी आवृत्ती टाकली, तिला नवा डीओआय मिळाला. जुनीचा तसाच राहिला, कारण तिच्यावर आधारलेले लेख बाहेर गेलेले असतात. शिवाय सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक सामाईक डीओआय असतो, तो नेहमी सगळ्यात ताज्या आवृत्तीकडे नेतो. लेखात उद्धृत करताना मात्र तुम्ही वापरलेल्या आवृत्तीचाच डीओआय द्या. सामाईक देऊन ठेवलात तर दुसऱ्याने तेच गणित केल्यावर आकडे वेगळे येतात आणि मग ईमेलवर धुळवड.

गणकयंत्र (बुधवार, सकाळी ८:०४)

यात सॉफ्टवेअरची भर घालतो. गिटहबवरची रिपॉझिटरी झेनोडोला जोडून ठेवली, की प्रत्येक रिलीजला डीओआय आपोआप मिळतो. जोडणी रिलीज काढायच्या आधी चालू करावी लागते, हे विसरू नका. आधी निघालेल्या रिलीज तशाच राहतात.

दुसरा मार्ग सॉफ्टवेअर हेरिटेज या कोडच्या संग्रहाचा. तिथला ओळखक्रमांक कुणी 'देत' नाही, तो कोडच्या मजकुरावरूनच गणिताने निघतो. एक अल्पविराम बदला, क्रमांक बदलला. त्यामुळे 'हा तोच कोड आहे का' हे कुणालाही, कुणालाही न विचारता तपासता येतं. डीओआयमध्ये ही सोय नाही. पलीकडची फाइल गुपचूप बदलली तरी डीओआय तोच राहतो.

निळी शाई (बुधवार, सकाळी ९:१२)

गणकयंत्र, वा! शेवटच्या दोन ओळी कुलगुरूंना पाठवा कुणीतरी.

खवचट (बुधवार, सकाळी ९:३०)

अवांतर: 'कायमस्वरूपी'चा विषय निघालाच आहे तर. जानेवारी २०१५ मध्ये डीओआय डॉट ऑर्ग या डोमेनचंच नूतनीकरण वेळेत झालं नव्हतं. पुढचे ४८ तास जगभरातल्या डीओआय लिंका कुठे चालत होत्या, कुठे नाही. अमरत्वाचा दाखला देणारं कार्यालयच बंद!

बिनतारी (बुधवार, सकाळी ९:४४)

खरी गोष्ट आहे. पण हेही सांगा की क्रमांकांचं काही बिघडलं नव्हतं, मागचे हँडल सर्व्हर शाबूत होते. अडकलं होतं ते वेबवरचं दार. डोमेन पुन्हा चालू झाल्यावरही नावांची जुनी माहिती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर साठलेली राहते, म्हणून एकाला लिंक उघडते आणि शेजारच्याला नाही. सर्व्हरवाल्यांची झोप उडवणारा हा नेहमीचा खेळ.

कोरा कागद (बुधवार, दुपारी १२:१०)

डीओआय तुटलाय असं वाटलं तर आधी शेवटचं टिंब बघा. वाक्य डीओआयने संपतं, त्यामागचा पूर्णविराम लिंकेत शिरतो आणि लिंक मरते. माझ्याकडे 'तुमची लिंक चालत नाही' म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे टिंब सगळ्यात वर आहे. दुसरा नंबर पीडीएफमधून कॉपी करताना ओळीच्या शेवटी घुसलेल्या जोडरेघेचा.

तळटीप (बुधवार, दुपारी १:००)

कोरा कागद, टिंबावरून सफिक्सचं आठवलं. कपाटताई, हे आधीच ठरवा, कारण नंतर बदलता येत नाही.

सफिक्समध्ये अर्थ कोंबायचा मोह होतो. विभागाचं लघुनाव, वर्ष, प्रबंधाचा अनुक्रमांक, मार्गदर्शकांची आद्याक्षरं. करू नका. विभागाचं नाव बदलतं, दोन विभाग एक होतात, वर्ष चुकीचं टाकलेलं निघतं, आणि मग क्रमांक जन्मभर खोटं बोलत राहतो. पूर्वी काही प्रकाशकांनी सफिक्समध्ये अंकाची सगळी कुंडली घातली होती, कंस आणि टोकदार कंसांसकट. त्या लिंका ईमेलमध्ये पाठवल्या की मध्येच तुटायच्या. आज साधा, निरर्थक, छोटा सफिक्स घ्यावा असाच सल्ला दिला जातो. क्रॉकफर्डच्या बेस३२ या अंक-अक्षरांतून क्रमांक लिहायच्या पद्धतीत इंग्रजी आय, एल, ओ आणि यू ही अक्षरं वगळलेली आहेत, म्हणजे ओ की शून्य हा घोळ नाही. सफिक्स पाडायला तीच वापरा. डीओआयमध्ये लहान-मोठ्या लिपीने फरक पडत नाही, म्हणून तोच क्रमांक कॅपिटलमध्ये लिहून 'दुसरा' बनवता येणार नाही.

आणि सफिक्स रोमन लिपीत ठेवा. देवनागरी शीर्षकाच्या रकान्यात ठेवा. मराठी प्रबंधाचं शीर्षक मराठीतच मुख्य शीर्षक म्हणून नोंदवता येतं आणि अनुवादित शीर्षकासाठी वेगळी जागा आहे. फक्त रोमनीकरण देऊन मूळ शीर्षक गाळलेल्या नोंदी बघितल्या की जीव हळहळतो.

पाचवं कपाट (बुधवार, दुपारी ४:४५)

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वाचून धडकी भरली आहे, पण उपयोगी धडकी आहे.

दोन शंका. काही विद्यार्थ्यांना पेटंट किंवा पुस्तकाच्या कारणाने प्रबंध लगेच खुला करायचा नसतो. त्यांना डीओआय देता येतो का? आणि प्राध्यापकांचे बाहेर छापून आलेले लेख आमच्या रिपॉझिटरीत ठेवतो, त्यांना आमचा डीओआय द्यायचा का?

तळटीप (बुधवार, सायंकाळी ६:२०)

पहिल्याचं उत्तर हो. डीओआयने फाइलीवर न जाता माहितीच्या पानावर जायचं असतं. शीर्षक, कर्ता, गोषवारा, उद्धृत कसं करायचं, हे पान सगळ्यांना दिसलं पाहिजे. फाइल 'अमुक तारखेपासून उपलब्ध' असली तरी चालतं. काही ग्रंथालयं सरळ पीडीएफला डीओआय जोडतात, ते टाळा. पुढे एखादा प्रबंध मागे घ्यावा लागला, तर फाइल काढा, पण पान ठेवा. काय होतं, कधी आणि कशामुळे काढलं, एवढं त्यावर लिहा.

दुसऱ्याचं उत्तर नाही. छापलेल्या लेखाला प्रकाशकाचा डीओआय आहे, तोच तुमच्या पानावर दाखवा. तुम्ही दुसरा दिलात तर एका लेखाची उद्धरणं दोन ठिकाणी विभागतात. तुमच्याकडची प्रत खरंच वेगळी असेल, समजा संपादनापूर्वीची, आणि तिला क्रमांक द्यायचाच असेल, तर नोंदीत 'ही त्याची आवृत्ती आहे' हे नातं जोडायला विसरू नका. जुन्या प्रबंधांनाही हाच नियम. आधी दुसऱ्या कुठल्या संग्रहाने क्रमांक दिलाय का ते शोधा.

विक्षिप्त वैज्ञानिक (बुधवार, रात्री ९:१५)

आणि कृपा करून कर्त्याच्या रकान्यात ऑर्किड भरा. नोंदीत ऑर्किड असेल आणि संशोधकाने एकदा परवानगी दिली असेल, तर क्रॉसरेफ आणि डेटासाइट दोघीही ते काम त्याच्या ऑर्किड पानावर स्वतःहून टाकतात. माझ्या आद्याक्षरांचा आणि आडनावाचा आणखी एक गृहस्थ आहे, तो मृदाशास्त्रात काम करतो. त्याची उद्धरणं माझ्या नावावर चढायची. मला वाईट वाटायचं असं नाही, पण मातीवर व्याख्यान द्यायची निमंत्रणं यायला लागल्यावर ऑर्किड काढलं.

खवचट (बुधवार, रात्री ९:२१)

एखादं व्याख्यान देऊन टाकायचंत. मूल्यांकनात रकाना भरला असता.

कोरा कागद (बुधवार, रात्री १०:००)

ऑर्किड घेताय तर रॉरही घ्या. २०१९ पासून संस्थांसाठी ही खुली नोंदवही आहे. आमच्या विद्यापीठाचं नाव प्राध्यापक मंडळी लघुरूपात, पूर्ण, जुनं, नवं, शहरासकट, शहराशिवाय अशा सगळ्या तऱ्हांनी लिहितात. रॉरचा क्रमांक लावला की नावाची मोडतोड कशीही असो, संस्था एकच मोजली जाते.

निळी शाई (गुरुवार, सकाळी ८:४०)

मूळ प्रश्नाकडे येऊ. कशाकशाला? माझं मत: स्लाइड्स आणि पोस्टरांना नको. प्रत्येक क्रमांक म्हणजे पुढची अनेक वर्षं एक पान सांभाळायचं ओझं. उद्या सर्व्हर बदलला की स्लाइड्सचे पत्तेही दुरुस्त करत बसणार का?

विक्षिप्त वैज्ञानिक (गुरुवार, सकाळी ९:०५)

असहमत. आमच्या क्षेत्रात पोस्टर हेच कित्येकदा निष्कर्षाचं पहिलं आणि एकमेव जाहीर रूप असतं. कुणाला त्याचा आधार घ्यायचा असेल तर त्याने काय करायचं, 'परिषदेत भिंतीवर पाहिलं होतं' असं लिहायचं? निकष वस्तूच्या प्रकारावरून नको. कुणी उद्धृत करेल का आणि आपण जपणार का, दोन्हीला 'हो' असेल तर क्रमांक द्या.

निळी शाई (गुरुवार, सकाळी ९:१८)

'जपणार का' हा निकष मान्य. मग निम्मी पोस्टरं आपोआप गळतील.

तळटीप (गुरुवार, दुपारी २:३०)

'जपणार का' यावर एक भर. डीओआय दिला की वस्तू जपली गेली, हा गैरसमज फार खोल आहे. २०२४ च्या सुरुवातीला मार्टिन ईव्ह यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ७४ लाखांहून अधिक डीओआय तपासले. त्यातले सुमारे २८ टक्के लेख कुठल्याही मोठ्या डिजिटल संग्रहात जतन झालेले आढळले नाहीत. म्हणजे डीओआय आहे, पण प्रकाशकाचा सर्व्हर गेला तर लेखही गेला. तेव्हा ताई, बैठकीत क्रमांकाच्या वर्गणीबरोबर दुसऱ्या जागी ठेवायच्या प्रतींचाही खर्च मांडा. तो खर्च नंतर कुणी मंजूर करत नाही.

बिनतारी (गुरुवार, दुपारी ३:१०)

आणि माणसाचं नाव मांडा. नाव म्हणजे पद, व्यक्ती नको. सभासदत्वाचा ईमेल वैयक्तिक खात्यावर ठेवला की बदली-निवृत्तीनंतर सूचना रिकाम्या खोलीत वाजत राहतात. क्रॉसरेफ दर महिन्याला सभासदांना न उघडलेल्या डीओआयचा अहवाल पाठवते. तो उघडून बघणारा कुणीतरी हवा. वेबसाइट नव्याने बांधायचं कंत्राट निघेल त्यात 'जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर वळवणं आणि डीओआयच्या नोंदी बदलणं' ही ओळ आधीच घाला.

डीस्पेसबद्दल: डेटासाइटची जोडणी त्यात आलेलीच आहे, फक्त चालू करावी लागते. प्रबंध दाखल झाला की क्रमांक रांगेत लागतो, प्रत्यक्ष नोंदणी डीओआय-ऑर्गनायझर ही आज्ञा करते. ती ठरावीक वेळाने आपोआप चालेल असं लावून ठेवा, नाहीतर रांग तशीच उभी राहते.

पाचवं कपाट (शुक्रवार, रात्री ८:५०)

अपडेट देते. आज बैठक झाली.

प्रबंध, अहवाल आणि डेटासेट यांना संघामार्फत डेटासाइटचे डीओआय घ्यायचं ठरलं. सुरुवात या वर्षी दाखल होणाऱ्या प्रबंधांपासून, जुने नंतर, आणि तेही दुसरीकडे नोंद नाही याची खात्री करून. नियतकालिकांपैकी जी नियमित निघतात तेवढ्यांसाठीच क्रॉसरेफ. बाकीच्या संपादकांना 'आधी दोन अंक वेळेवर काढा' असं सांगितलं, त्यावर शांतता पसरली. पोस्टरांसाठी विक्षिप्त यांचा निकष जसाच्या तसा वाचून दाखवला. स्लाइडवाले सर नाराज आहेत, त्यांना झेनोडोचा रस्ता दाखवला.

१२३४५६७८९ बद्दल संगणक विभाग म्हणाला, 'पण लिंक तर चालतेय!' शेवटी त्यांच्याच फोनवर, बाहेरून उघडून दाखवावी लागली. आता खरा प्रीफिक्स घेतायत. जुन्या लिंका प्रबंधांच्या पीडीएफमध्ये छापल्या गेल्यात, म्हणून रिपॉझिटरीत त्या चालू ठेवूनच नव्याकडे वळवायच्या आहेत.

जबाबदारी 'सहायक ग्रंथपाल, डिजिटल संग्रह' या पदावर टाकली आहे. ते पद सध्या रिकामं आहे, हा भाग वेगळा.

खवचट (शुक्रवार, रात्री ८:५८)

क्रमांक कायमस्वरूपी, पद रिक्त. अभिनंदन!

अर्धविराम (शुक्रवार, रात्री १०:३०)

कपाटताई, छान झालं. एकच शंका: नोंदीत कर्ता म्हणून माझं एकट्याचं नाव येणार की मार्गदर्शकांचंही? सर विचारतील, नक्की विचारतील.

तळटीप (शुक्रवार, रात्री १०:५२)

कर्ता तूच एकटा. मार्गदर्शकांसाठी सहयोगींच्या रकान्यात 'सुपरवायझर' असा वेगळा प्रकार आहे, तिथे त्यांचं नाव आणि ऑर्किड भरायचं. सरांनी ऑर्किड काढलेलं नसेल तर आत्ताच काढायला सांग, प्रबंध जमा करायच्या दिवशी त्यांचा पासवर्ड शोधत बसू नकोस.